मनसारामचा उजवा गुडघा

मी एक जुना गुडघा आहे मित्रांनो, कुरखेड्याजवळच्या मनसारामचा उजवा. गुडघ्याला कुठे तोंड असतं, असं म्हणाल. खरं आहे. मी नुसता कुरकुरतो, तेच ऐकून घ्या.

मनसाराम धानाची शेती करायचा आणि दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली की दंडारीच्या खेळात नाचायचा. नाच रंगात आला की उडी मारून माझ्यावर आदळायचा आणि तशीच गरकन गिरकी घ्यायचा. खाली टणक खळं. लोक खूश व्हायचे, शाबासकी मात्र त्याच्या घुंगरांना. पावसाळ्यात पुन्हा रोवणीचा चिखल होताच.

आदळून आदळून माझ्या आतली मऊ गादी झिजली. हाडावर हाड घासू लागलं, तशी हाडाच्या कडेला बारीक टोकं वाढली. मी कटकट वाजायचो, सुजायचो. मनसाराम तेल चोळायचा आणि पुन्हा नाचायचा.

मग गावच्या रीतीप्रमाणे त्यानं डाग घेतला. तापलेला विळा माझ्यावर टेकवला. दुखणं जळून जातं म्हणे. जळाली ती कातडी. जखम चिघळली, तो खाटेला खिळला, मांडी सुकली आणि माझा उरलासुरला आधारही गेला.

शेवटी बायको मैना त्याला चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी आतला फोटो काढला.

"हाड वाढलंय. डागून ते जात नाही, आणि सध्या कापायचीही गरज नाही. शेका. खाटेवर बसून पाय सरळ उचलत जा, मांडीत बळ येईल. उकिडवं बसू नका. काठी डाव्या हातात धरा."

"अन् मंडईत नाचनं?" मनसारामनं विचारलं.

"नाचलात तर चालणंही जाईल."

परतीच्या वाटेवर मैना म्हणाली, "तुमी नाई नाचले त मंडई बंद पडन का?"

"तुले नाई समजत," तो एवढंच बोलला.

मंडईला तो खळ्याच्या कडेला खाटेवर बसून गात होता. नाचत होता शेजारचा चैतू. ढोलकी चढली आणि कोणीतरी ओरडलं, "मनसारामभाऊ, एक गिरकी होऊन जाऊ द्या."

त्यानं काठी बाजूला ठेवली. तो अर्धवट उठला, थांबला आणि हळूच खाली बसला.

"माही गिरकी झाली, भाऊ. आता गानं आयका."

आयुष्यभर मला विश्रांती हवी होती. ती मिळाली, तेव्हा त्याचे डोळे माझ्यावर टपटप गळत होते. खरं सांगतो, त्या घडीला मलाच उठावंसं वाटलं, पण माझ्यात बळ नव्हतं.

म्हणून मित्रांनो, गुडघा पहिल्यांदा दुखेल त्याच दिवशी त्याला जरा बसू द्या. तेव्हा नाच थोडा कमी करून भागतं.