काढून टाकलेला पर्याय

“आनि हाई?” नवनीतनं पडद्यावर बोट ठेवलं. “‘नाव बदला’. हाई वापरतस का, मावशी?”

काट्यावर बसणाऱ्या मंगलाबाईंनी आधी मालकाच्या गादीकडे पाहिलं. शहाद्याहून आलेला हा सॉफ्टवेअरवाला मुलगा सकाळपासून काट्याच्या संगणकावरचा एकेक पर्याय विचारत होता. जे लागतं ते ठेवायचं, बाकीचं काढायचं, असं त्यानं सांगितलं होतं. मेन्यूकडे बघत, लगीननी पंगत बी इतली लांबी ऱ्हास नही, असं म्हणून तो हसलाही होता. मंगलाबाई हसल्या नव्हत्या. खापर गावातल्याच आमचूर घेणाऱ्या दुसऱ्या एका दुकानात नवं सॉफ्टवेअर बसलं आणि महिन्याभरात काट्यावरच्या दोन बायकांपैकी एक घरी बसली, हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय मालक योगेंद्रशेठ गादीवर पेपर वाचत होते आणि बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

‘नाव बदला’ म्हणजे एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर. ऐकणाऱ्याला ती लबाडीच वाटणार, हे उघड होतं.

“नही,” त्या म्हणाल्या. “माले कधीच लागत नही.”

नवनीतनं तो पर्याय काढला. संध्याकाळपर्यंत मेन्यू निम्म्यावर आला. शेठनी त्याचं कौतुक केलं. मंगलाबाईंची खुर्ची जागेवर राहिली.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी रायसिंगची जीप डोंगरातून आमचूर घेऊन आली. दरवर्षी उन्हाळ्यात पाड्यावरच्या सगळ्या घरांची पोती तोच आणायचा. बायका मागून पायी यायच्या. रांग सोडायची नाही म्हणून सगळी वजनं आधी रायसिंगच्याच नावावर पडत. दुपारी बायका पोचल्या की आपापलं पोतं दाखवत आणि मंगलाबाई एकेकीचं नाव चढवत. पट्टी, म्हणजे मालाची पावती, ज्याच्या नावावर, त्याच्याच खात्यात पैसे जात. इतक्या वर्षांत कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

त्या दिवशीही वजनं पडली, बायका आल्या. मंगलाबाईंनी सवयीनं मेन्यू उघडला. तो पर्याय तिथे नव्हता. त्यांनी मेन्यू बंद करून पुन्हा उघडला.

“ताई, नाव फिरवी द्या ना, नेहमीना मायेक,” रायसिंग म्हणाला.

आता ते होत नाही, यंत्रातून काढलं आहे, असं त्यांनी सांगितलं. कुणाच्या सांगण्यावरून काढलं, ते सांगितलं नाही.

बायका आपसात त्यांच्या बोलीत बोलू लागल्या. मंगलाबाईंना ती फारशी कळत नसे, पण रायसिंगची मान खाली गेलेली दिसली. त्यातली वयानं मोठी गंगीबाई, त्याची चुलती, पुढे आली.

“माल मन्हा,” ती म्हणाली. “नाव रायसिंगनं कसं?”

पैसे घरोघर वाटून देईन, असं रायसिंग सांगत राहिला. बायका आपापल्या पोत्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मंगलाबाई उठून शेठकडे गेल्या. नवनीतला फोन करून तो पर्याय परत घ्यावा, असं हळू आवाजात म्हणाल्या.

शेठनी चष्मा काढला. “त्या दिन तुमीच सांगं व्हतं ना, कधीच लागत नही म्हनीसन? मंग आते कसाले लागस?”

त्यांनी सगळं सांगितलं. उशिरा सांगितल्यामुळे ते रचल्यासारखं वाटत होतं, हे त्यांनाही ऐकू येत होतं. शेठ ‘बरं’ इतकंच म्हणाले; नवनीतला फोन मात्र केला नाही. रायसिंगच्या नावावरच्या पट्ट्या रद्द करायच्या आणि प्रत्येकीला उभं करून माल नव्यानं मोजायचा, असं ठरलं. पोती अजून ढिगावर रिकामी केली नव्हती, एवढंच नशीब.

रायसिंगनं पहिलं पोतं उचलायला हात घातला. गंगीबाईनं तो बाजूला केला. तिनं आणि दुसऱ्या बाईनं मिळून पोतं काट्यावर ठेवलं. रायसिंग जीपपाशी जाऊन उभा राहिला.

मंगलाबाईंनी आकडा वाचला. गंगीबाईला वाचता येत नव्हतं. तरी ती वाकली, काट्यावरचे लाल आकडे बघत राहिली आणि पुन्हा वाचायला म्हणाली. मंगलाबाईंनी पुन्हा वाचला, या खेपेला सावकाश.

मागे चपलांचा आवाज झाला. शेठ गादीवरून उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. मंगलाबाई थोड्या बाजूला सरकून बसल्या, त्यांना पडदा नीट दिसावा म्हणून.