उपवासाचा खलबत्ता

मित्रांनो, ज्याला घरातले सगळ्यांत सोवळे भांडे म्हणून मिरवले, तो दगडी खलबत्ता मी. सातपूरच्या कामगार वस्तीत, दोन खोल्यांच्या एका घराच्या दारापुढे, अबोलीच्या कुंडीशेजारी मी बसलेलो असतो. माझ्या पोटात आता पाणी असते आणि चिमण्या ते पिऊन जातात. येणारे-जाणारे म्हणतात, "एवढा चांगला दगड, घरात का नाही ठेवत?" घरातली माणसे यावर काही बोलत नाहीत. म्हणून आज मीच बोलतो.

माझा जन्म घोटीचा. बाजाराच्या कडेला फकिरा पाथरवट बसायचा, त्याने काळ्या दगडातून मला कोरले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण काही आले नाही, पण गोल गरगरीत पोट आले आणि सोबतीला हातात मावेल असा बत्ता आला, त्यावरच मी खूश होतो. १९८८ साली बुधा नावाच्या भातशेती करणाऱ्या माणसाने मला उचलून पाहिले, ठोकून पाहिले, घासाघीस केली आणि लेकीच्या रुखवतासाठी घेतले. लेकीचे नाव सविता. तिचा नवरा गोरक्ष सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होता. लग्नात शेवया, कुरडया आणि विणलेले ससे यांच्यामध्ये मला मांडले होते. बायका माझ्यावरून हात फिरवून जायच्या आणि मी उगाच ताठ व्हायचो.

सविताची सासू लंकाबाई गावाकडून घर बघायला आली. तिने मला एका नजरेत जोखले आणि म्हणाली, "ह्यो उपवासाचा. ह्याला लसणाचा हात लावायचा नाय."

झाले! त्या दिवसापासून माझा तोरा काय विचारता. लसूण, मिरची, मसाला सगळे माझ्या शेजारच्या लोखंडी खलात. माझ्यात फक्त उपवासाचे. चतुर्थी असो, सोमवार असो, एकादशी असो, सविता शेंगदाणे खमंग भाजायची, साले पाखडायची आणि माझ्यात कूट करायची. भगरीबरोबरच्या आमटीला कूट, काकडीला कूट, लाडवाला कूट. मला साबण कधी लागला नाही. दगड साबण पितो आणि मग कुटाला त्याचा वास येतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसले की काम झाले. शेंगदाण्याचे तेल माझ्या बारीक छिद्रांत मुरत गेले आणि मी आतून चकचकू लागलो. मला वाटायचे, हे माझे तेजच आहे.

१९९० साली रविराज जन्मला. सगळे त्याला रव्या म्हणत. मी धप्‌धप्‌ वाजू लागलो की तो रांगत येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसायचा आणि टाळ्या पिटायचा. माझ्यासाठी टाळ्या वाजवणारे माणूस मला आयुष्यात तेवढे एकच मिळाले. खाण्याच्या बाबतीत मात्र पोरगे भारी कटकटे. उपवासाच्या दिवशी तर तोंड फिरवायचे. दोन-तीनदा त्याच्या अंगावर लालसर गांधी उठल्या. "पित्त उठलं," असे सगळे म्हणाले. आपल्याकडे अंगावर गांधी आल्या की पित्त, आणि पित्तावर आमसूल. आमसूल चोळले, गांधी उतरल्या, विषय संपला. त्याआधी पोराने काय खाल्ले होते, हे कोणी विचारले नाही.

१९९४ ची महाशिवरात्र होती, दुपारचे बारा वाजले होते. गोरक्ष पहिल्या पाळीला गेला होता आणि लंकाबाई उपवासासाठी गावाहून आली होती. सविताने कूट आणि गूळ माझ्यातच एकजीव करून लाडू वळले. एक लाडू घेऊन ती रव्याला भरवायला बसली. पहिला घास तोंडात गेला आणि तो म्हणाला, "आई, जिभेला मुंग्या चावतात."

सविता हसली. "मुंग्या नाहीत रे राजा, गूळ आहे. हा बघ, हा काऊचा घास झाला. आता एक घास चिऊचा."

त्याने तोंड मिटले. तिने लाडाने गाल दाबून दुसरा घास घातला. मी तिथेच होतो, तिच्या गुडघ्याजवळ.

थोड्या वेळाने त्याच्या अंगावर गांधी आल्या. लंकाबाईने आमसूल चोळले. मग ओठ सुजले, त्याने उलटी केली आणि त्याच्या श्वासातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. "दृष्ट लागली लेकराला," म्हणून लंकाबाई मीठ-मोहऱ्या ओवाळायला लागली. सविता एकदा आमसूल चोळी, एकदा पाठ चोळी. शेवटी रिक्षा शोधायला ती अनवाणी धावली, पण तोवर फार उशीर झाला होता. रव्या त्या घरात परत आला नाही. तो चार वर्षांचा होता.

लोक भेटायला आले. कोणी म्हणाले दृष्ट, कोणी म्हणाले बाहेरचे काही, कोणी म्हणाले एवढेच आयुष्य घेऊन आला होता. अर्धा लाडू माझ्या काठावर तसाच राहिला होता. तेराव्यानंतर सविताने मला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळले आणि ओट्याखाली, पार मागे भिंतीला लावून ठेवले. उपवासही सोडले तिने, आणि त्यांच्याबरोबर घरात शेंगदाणे आणणेही. गोरक्षने कारण विचारले नाही.

मित्रांनो, सहा वर्षे मी अंधारात होतो. अंधाराचे मला काही वाटले नसते, दगडाला कसला आलाय अंधार. पण ते चार शब्द माझ्याबरोबर आत आले होते. वर ओट्यावर लोखंडी खल वाजायचा आणि मला त्या धप्‌धप्‌मध्ये ऐकू यायचे, आई, जिभेला मुंग्या चावतात. वाटायचे, समोर कोणीतरी मांडी घालून बसले आहे आणि टाळ्या वाजवायची वाट बघते आहे. त्याचा जीव कशाने गेला हे त्या घरात फक्त मला कळले होते, आणि मला तोंड नव्हते.

मध्येच एका वर्षी घरात तान्ह्या बाळाचे रडणे ऐकू आले. तिचे नाव निकिता. ती चालू लागली, बोलू लागली, हे सगळे मी तिच्या पावलांवरून आणि आवाजावरून ओळखले.

२००० साली लंकाबाईचे गुडघे गेले आणि ती कायमची सातपूरला राहायला आली. श्रावणी सोमवार आला तशी तिने ओट्याखाली हात घातला. "एवढं सोवळं भांडं आडगळीत टाकलं व्हय?" म्हणाली. दारावर आलेल्या टाकीवालीकडून तिने मला पुन्हा टाकी लावून घेतली, म्हणजे माझ्या पोटात नवे बारीक खड्डे पाडून घेतले. सविता माझ्याकडे न बघता पाणी भरत राहिली. सासूला काय सांगणार? तिचे तिलाच नीट कळले नव्हते.

लंकाबाईने कूट करायला घेतले. चार वर्षांची निकिता जवळ आली, माझ्यात बोट बुडवून तिने ते चाटले, आणि तोंड वाकडे करून म्हणाली, "आई, जिभेला मुंग्या चावतात."

सविताच्या हातून कळशी सुटली. ते शब्द तिने कोणालाच सांगितले नव्हते, नवऱ्यालाही नाही. आणि ज्या भावाला निकिताने कधी पाहिले नव्हते, त्याचे बोलणे तिच्या तोंडून जसेच्या तसे बाहेर पडले होते.

"पित्त उठतंय गं, आमसूल आण," लंकाबाई म्हणाली.

"नाही!" सविता किंचाळली. तिने पोरीला काखोटीला मारले आणि रस्त्यावर जाऊन येणाऱ्या पहिल्या रिक्षापुढे ती आडवी उभी राहिली. दवाखान्यात इंजेक्शन दिले आणि निकिता वाचली.

दोन दिवसांनी ती घरी आली तेव्हा सविता गोरक्षला सांगत होती, ते मी ओट्यावरून ऐकले. "पित्त नाहीये ते. ॲलर्जी आहे, शेंगदाण्याची. कणभर पण चालणार नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

"मलाही दूध प्यायलं की पोट गडगडतं. तसंच ना?" गोरक्षने विचारले.

"मीही तेच विचारलं. तर म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांना दूध पचत नाही, त्रास होईल, पण त्यानं जीव जात नाही. हिचं शरीर शेंगदाण्याला शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढता लढता हिचाच श्वास कोंडतं. पुन्हा असं झालं तर घरात एक मिनिट थांबायचं नाही."

गोरक्ष निजलेल्या पोरीजवळ जाऊन बसला. मग म्हणाला, "मग आपला रव्या...?" सविता उठून पोरीचे कपडे धुवायला गेली.

लंकाबाईला काही ते पटेना. "आमच्या अख्ख्या भावकीत कोणाला शेंगदाणा बाधला नाय. मग उपासाला माणसानं खायचं तरी काय?" असे ती दिवसभर पुटपुटली. पण दुसऱ्या दिवशी तिने शेंगदाण्याचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला आणि पुढचा सोमवार कोरड्या भगरीवर ताक ओतून काढला. जन्मभराची आमटी तिने नातीसाठी एका दिवसात सोडली. शाळेत सांगितले, शेजारी सांगितले. घरात शेंगदाण्याचे टरफलसुद्धा उरले नाही.

उरलो फक्त मी. फडक्याने पुसलेला, स्वच्छ दिसणारा. जुनी छिद्रे, नवे खड्डे, सगळ्यांत कूट आणि तेल बसलेले. मी ओट्यावर होतो आणि कोणाच्या ध्यानातही नव्हतो. मला ओरडून सांगावेसे वाटायचे, अरे, मला बाहेर काढा!

त्या हिवाळ्यात निकिताला खोकला झाला. सविता बचतगटाच्या बैठकीला गेली होती, गोरक्ष दुसऱ्या पाळीला. घरात आजी आणि नात, दोघीच. लंकाबाईने ज्येष्ठमध आणि खडीसाखर काढली. लोखंडी खल हातात घेतला, त्याचा वास घेतला आणि बाजूला ठेवला. "लेकराच्या औषधाला लसणाचं भांडं नको," म्हणाली आणि मला पुढे ओढले. मित्रांनो, बत्त्याचा एकेक घाव मला आठवतो. फकिराच्या टाकीने इतके दुखले नव्हते.

निकिताने चाटण चाटले. थोड्या वेळाने म्हणाली, "आजी, मुंग्या."

"आगं, घरात दाणा नाय शेंगदाण्याचा. कुठून येतील मुंग्या?" लंकाबाई म्हणाली. तिचा हात सवयीने आमसुलाच्या बरणीकडे गेला. बरणीचे झाकण निघाले. मग तिने नातीकडे वळून पाहिले. पोरीचा ओठ एका बाजूने जाड होत होता. लंकाबाईला कशाचाच मेळ लागत नव्हता. पण पोरगी मुंग्या म्हणत होती. तिने बरणी तशीच सोडली, त्या मोडक्या गुडघ्यांवर पोरीला उचलले आणि ती दाराबाहेर पडली. "जयराम! आरं जयराम, गाडी काढ!" शेजारचा जयराम नुकताच पहिली पाळी करून आला होता. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि गल्ली शांत झाली.

दार सताड उघडे होते. माझ्या पोटात अर्धे चाटण होते. त्या दुपारीही घर असेच शांत झाले होते आणि माझ्या काठावर अर्धा लाडू होता. मी वाट बघत राहिलो. ऊन ओट्यावरून सरकत भिंतीवर गेले. तिन्हीसांजेला सविता एकटीच आली. एकटी! मला वाटले, संपले. तिने भराभर निकिताचे दोन फ्रॉक पिशवीत कोंबले आणि दारातल्या शेजारणीला म्हणाली, "बरी आहे. श्वास मोकळा झालाय. आजीनं वेळ घालवला नाही म्हणून." तेव्हा मला कळले, दगडालाही सुटल्यासारखे वाटते.

निकिता घरी आल्यावर लंकाबाई माझ्यापुढे बसली. तिने खाली वाकून माझ्या पोटात नाक घातले आणि दीर्घ श्वास घेतला. "ह्याच्यात हाय गं," ती म्हणाली. "वास येतोय. ह्याला सोवळा म्हणत व्हते मी. माझ्या हातानं दिलं पोरीला."

सविता तिच्या शेजारी बसली. "आत्याबाई, रव्याला मीच भरवलं होतं."

"आन् मी मीठ-मोहऱ्या ओवाळीत बसले," लंकाबाई म्हणाली.

तुझी चूक नाही, असे कोणी कोणाला म्हटले नाही. दोघी रडल्या. मग एकीने एका बाजूने, दुसरीने दुसऱ्या बाजूने मला धरले आणि उचलून दारापुढे आणून ठेवले.

आता २००८ साल आहे. लंकाबाई तीन वर्षांपूर्वी गेली. निकिता बारा वर्षांची आहे. ती स्वतःचा डबा नेते, दुसऱ्याचा लाडू नम्रपणे नाकारते, आणि रोज सकाळी दोन हात लांब उभी राहून तांब्याने माझ्यात पाणी ओतते. मला ती कधीच शिवत नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, जवळ करा. मी सांगतो, तिचा हात माझ्यावर कधी पडू नये. आणि एखादे लहान मूल जेवताना म्हणाले, घसा खाजतो, जीभ चुरचुरते, तर ते नाटक करते आहे असे समजू नका. भरवणारा हात तिथेच थांबवा.

काल पाणी ओतून झाल्यावर निकिता उंबऱ्यावर आईजवळ बसली आणि तिने विचारले, "आई, दादा शेवटी काही म्हणाला होता?"

"म्हणाला होता. जिभेला मुंग्या चावतात म्हणाला होता."

"मग तू काय म्हणालीस?"

सविताने माझ्याकडे पाहिले. चौदा वर्षांत पहिल्यांदा, सरळ.

"मी म्हटलं, आता एक घास चिऊचा."