दोन्ही बाजूंना सिंह

भामाने नाणं सरळ चिमटीत उचललं आणि त्याच्या छापेवरून अंगठा फिरवला. टेबलापलीकडे बसलेले कमलाकर खुर्चीत पुढे सरकले. नाणं कडेने धरायचं, छापेला बोट लावायचं नाही, हे सांगून सांगून ते सकाळपासून दमले होते. हिलाही सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बाईचे डोळे भरून आले होते.

नवीन पनवेलच्या त्या हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. बाकीच्यांच्या टेबलांवर शिवराई, होन असा थाट. कमलाकरांनी मात्र टाकसाळीच्या चुका मांडल्या होत्या: सरकलेली छाप, दोनदा उमटलेला आकडा, कडेचा लचका तुटलेलं नाणं. धड नाण्यात त्यांचा जीव रमतच नसे. नोकरी संपल्यापासून ते डोळ्याला भिंग लावून चिल्लरीतली खोट शोधत बसत, आणि त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई म्हणत, "माझ्यातली शोधून झाली वाटतं!"

भामाच्या हातातला जुना रुपया त्यातलाच होता. एका बाजूला सिंह उठून आलेले, दुसऱ्या बाजूला तेच सिंह, पण उलटे आणि आत रुतलेले. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं की पुढच्या कोऱ्या चकतीवर अशी छाप बसते. असा रुपया सहसा हाती लागत नाही. याच्या कडेवर एक खोल घाव होता, म्हणून तो कमलाकरांच्या खिशाला परवडला होता.

"ह्यो आमचा हाय," भामा म्हणाली. "ही खूण माज्या हातची हाय."

"ताई, असे रुपये आणखीही असतात."

"खूण पन तीच असते?"

कमलाकरांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. भामा टेकली, पण नाणं तिने खाली ठेवलं नाही.

"आमचा मालक, बळीराम, एसटीत कंडक्टर व्हता. एक दिवस चिल्लरीत त्याला ह्यो गावला. तवापास्न त्याचा जीव ह्याच्यात. करगोट्याला पिशवी बांधून त्याच्यात ठेवायचा, निजताना पन काढायचा नाय. एकदा खाडीत चिंबोऱ्या-खेकडी धराया गेला. होडी उलटी गावली, तो नाय. लय दिवसांनी उरनच्या अंगाला मुडदा लागला. तोंड माशांनी ठेवला नव्हता. अंगापिंडानं तसाच, करगोटा पन तसाच. पिशवी तेवढी नव्हती. पान्यानं नेली असल, सगळी बोलली. पोरानं आग दिली."

कमलाकरांनी मान हलवली.

"पन तो गेला नाय भाऊ," भामाचा आवाज खाली आला. "पितरांना दर साली त्याच्या नावानं पान ठेवते, कावळा शिवत नाय. तिनीसांजेला वट्यावर कोनतरी येऊन बसतो. दार उघडावा तर कोन नाय, लादी तेवढी ओली. सुनंनं पन बघितला. नातवाला घेऊन माहेरी गेली ती येत नाय. पोरगा बोलतो, घर विकू. मी बोलले, त्याचा जीव त्या रुपयात आडकलाय, मी शोधते. जिथं नान्यांचा बाजार भरतो तिथं जाते. आज गावला."

तिने नाणं मुठीत घट्ट धरलं.

"ह्यो पान्यातनाच आला ना? तेवढा सांगा. त्याचा त्याला खाडीत सोडते, म्हंजे तो सुटल."

कमलाकरांनी भिंग उचललं आणि रुमालाने पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं.

रुपया त्यांना मागच्या हिवाळ्यात नाशिकच्या प्रदर्शनात मिळाला होता. विकणारा पांढऱ्या दाढीचा, बोलका माणूस होता. त्याच्या हातातून नाणं सुटता सुटत नव्हतं. घावाबद्दल विचारलं तर तो खूप हसला होता. बायकोला रुपया खोटा वाटला, तिने तो मासे कापायच्या विळीवर घासून बघितला, म्हणाला. सोबत एक लहान मुलगी होती. ती सारखी त्याचा शर्ट ओढत होती, "बाबा, चला ना."

त्या वेळी कमलाकरांना ती गोष्ट फार गोड वाटली होती. घरी येऊन अरुंधतीबाईंनाही त्यांनी ती रंगवून सांगितली होती. आता त्यांनी भिंग खाली ठेवलं. समोरच्या बाईचं घर रिकामं होत चाललं होतं. एका खोट्या शब्दाने ते भरणार असेल तर तो बोलायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटलं.

"खाडीतूनच आलाय," ते म्हणाले. "कुणाच्या तरी जाळ्यात लागला होता म्हणे. घेऊन जा ताई. पैसे नकोत. तुम्ही विळीवर घासलात तेव्हाच त्याची किंमत गेली होती."

भामा उठायला लागली होती, ती तशीच थांबली.

"विळीचं मी कवा बोलले?"

कमलाकरांनी पुन्हा रुमाल हातात घेतला.

"ते त्याला नि मलाच ठावं हाय, भाऊ."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

"नाशिकला," ते कसेबसे म्हणाले. "मागच्या हिवाळ्यात. त्यांनीच विकला मला."

भामा रडली नाही. तिने शिव्याही दिल्या नाहीत. तिने मूठ उघडून रुपयाकडे बघितलं.

"अंगानं बरा व्हता?"

"हो. दाढी पिकलीय. पण बरे होते."

"एकटाच?"

"एक लहान मुलगी होती. बाबा म्हणत होती."

भामाने मान हलवली. रुपया टेबलावर ठेवून तिने पदर नीट केला आणि निघाली. दोन टेबलं ओलांडून ती उभी राहिली, मग परत आली. आता तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता कळवळा होता.

"मंग आमी आग दिली तो कोन?"

कमलाकरांनी पुन्हा खुर्ची पुढे ओढली.

"त्याची पन आय असल कुठंतरी, दार उघडा ठेवून बसलेली," भामा म्हणाली. "इतकी सालं बिचारा माज्या वट्यावर येऊन बसतो. नि मी त्याला दुसऱ्याच्याच नावानं जेवाया हाक मारते."