भिंगरीची मान कोण वळवतं

भिंगरीच्या फायलीत एकमेकांशी भांडणारे तीन कागद होते. पहिला जन्मानंतर दुसऱ्या दिवशीचा: दोन्ही कान पास. दुसरा मुलांच्या डॉक्टरांचा: चौदा महिने झाले, अजून एकही शब्द नाही, कान तपासून घ्यावेत. तिसरा तिच्या आईनेच दोन रकाने पाडून लिहिलेला. दाराची बेल: नाही वळली. डब्यातला चमचा: वळली. हाक: वळली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून तीच हाक: नाही. महिनाभर टिपून टिपून आईच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

सासूबाईंना मात्र कसलीच शंका नव्हती. पोरगी बापावर गेलीय, त्यालाही सोयीचं तेवढंच ऐकू येतं, असं म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या. तरी तपासणीची तारीख मिळाल्यावर सराव घ्यायला त्याच उभ्या राहिल्या. आई भिंगरीला मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसायची आणि मागून सासूबाई डब्यात चमचा खुळखुळवायच्या. दहापैकी नऊ वेळा पोर गर्रकन वळायची. म्हणून तर तिला भिंगरी म्हणायचे.

"हिला बहिरी म्हणणाऱ्यानं आधी स्वतःचे कान तपासून घ्यावेत," सासूबाईंनी निकाल देऊन टाकला होता.

तपासणीच्या दिवशी कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी पहिला कागद वाचला आणि शांतपणे समजावलं. त्या दिवशी कानाने यंत्राला उत्तर दिलं, एवढंच त्यातून कळतं. पुढे ऐकणं बदलू शकतं, सर्दीनंतर पडद्यामागे पाणीही साठू शकतं. आईने मान डोलावली, पण एकदा पास झालेली मुलगी पुन्हा त्याच इयत्तेत कशी बसते, हे काही तिला उमगेना.

खोलीच्या भिंतींना जाड गाद्या होत्या. मांडीवर भिंगरी, समोर रबरी बदक घेऊन बसलेल्या मदतनीस मावशी, दोन्ही बाजूंना एकेक स्पीकर आणि एकेक काळ्या काचेची पेटी. बाई शेजारच्या खोलीतून, खिडकीच्या काचेपलीकडून आवाज सोडायच्या. पोर त्या बाजूला वळली की पेटीत दिवा लागायचा आणि आतलं अस्वल ढोल बडवायचं. भिंगरी खूश. आवाज, मान, अस्वल. आवाज लहान लहान होत गेला. शेवटचा तर आईलाही श्वास रोखून ऐकावा लागला, आणि पोर वळली! आईच्या छातीवरचा धोंडा उतरला.

तेवढ्यात दार उघडलं. बाई आत आल्या. त्यांच्या हातात हेडफोन होता.

"हा तुम्ही घाला."

"मी? तपासणी तिची आहे ना, मॅडम?"

"तिचीच आहे. पण उत्तरं तुम्ही देताय."

आईला आधी काही कळेचना. मग बाईंनी सांगितलं की आवाज आला की त्या बाजूचा आईचाच गुडघा किंचित उचलतो. मुद्दाम कुणी करत नाही, होतं तसं. पोर कदाचित त्यावरच वळत असेल. आई स्वतःच्या गुडघ्याकडे परक्याच्या गुडघ्याकडे पाहावं तशी बघत राहिली. घरीही मांडीच होती की. मग महिनाभर आपण शिकवलं काय?

हेडफोन चढवला आणि कानात नळ सोडल्यासारखा खळखळाट सुरू झाला. आता बाहेर आवाज आहे की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. समोर फक्त भिंगरीचं मागून दिसणारं डोकं. ते हललं नाही. बराच वेळ हललं नाही. आवाज सोडलेलाच नाही, की सोडला आणि हिला ऐकू आला नाही? मावशींच्या चेहऱ्यावर काही वाचता येतं का ते तिने पाहिलं. मावशी बदकात गुंतलेल्या. मग एकदा भिंगरी वळली आणि अस्वलाने ढोल बडवला. पुन्हा वळली, पण पेटी काळीच राहिली. पोर नुसती अस्वलाला शोधत होती. आईने गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवले.

नंतर बाईंनी कानात छोटी नळी लावून पडदा तपासला. तो नीट हलत नव्हता. पाणी असेल, आपोआप जाईलही. तरी कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि मग झोपेत करायची, मान वळवावी न लागणारी तपासणी.

"म्हणजे हिला ऐकू येतं की नाही?"

"मोठे आवाज येतात. बारीक आवाजांना आज ती वळली नाही. नेमकं किती ऐकू येतं आणि असं का होतंय, ते आज मला सांगता येणार नाही."

घरी सासूबाई दारातच होत्या. पास ना, म्हणाल्या. आईने फाइल काढून तिसऱ्या कागदावर आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं: मी कुठे होते? 'वळली'च्या जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द लिहावा लागला: जवळ.

तिने भिंगरीला सतरंजीवर खेळायला बसवलं आणि स्वतः दूर भिंतीकडे तोंड करून बसली.

"आई," ती सासूबाईंना म्हणाली, "हिच्या मागून वाजवा. अगदी हळू."

चमचा खुळखुळला. बारीक, पण भिंतीशी बसलेल्या आईला ऐकू आला. तिने मान वळवली नाही.

"वळली?"

सासूबाईंकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असायचं. आज मात्र त्यांनी वाकून भिंगरीकडे पाहिलं आणि डबा पुन्हा उचलला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "अजून एकदा वाजवते."