आईची दहा मिनिटं

आमच्या घरात बेतल्याशिवाय काही होत नाही. बाबा शिंपी. "आधी कापड किती आहे ते बघ, मग झग्याची स्वप्नं बघ," हे ऐकतच मी आणि माझा धाकटा भाऊ वाढलो. आईच्या फुप्फुसांनी हात टेकले आणि डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं, तेव्हाही बाबांनी सगळ्यात आधी वीज बेतली. एक दिवस गेली तर काय? आठवडाभर गेली तर काय? त्यांनी इन्व्हर्टर आणला, दोन थोरल्या बॅटऱ्या आणल्या, छपरावर सोलर पॅनल चढवलं आणि पलंगाखाली भरलेला सिलिंडर सरकवून ठेवला. शेजारचे मास्तर म्हणाले, "लढाई जाहीर झालीय की काय?" बाबांनी ते हसण्यावारी नेलं.

जोडणी करायला वायरमन आला. सगळं घर बॅटरीवर घेतलं तर बॅटरी लगेच बसते, म्हणून पॉइंट निवडावे लागतात.

"एकच घ्या," बाबा म्हणाले. "पलंगाजवळचा, मशीनचा."

"दोन," आई आतून म्हणाली. "दुसरा दारावरच्या दिव्याचा."

"दारावर कशाला? चोरांना वाट दाखवायला?"

आई गप्प बसली. ती गप्प बसली की तिचं ठरलेलं असतं, हे बाबांना लग्नापासून माहीत होतं. वायरमननं दोन पॉइंट घेतले.

चोरांसाठी नव्हताच तो दिवा, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. काही वर्षांपूर्वी धाकट्यानं एके दिवशी कात्री दुकानाच्या टेबलावर ठेवली आणि "हे माझ्याच्यानं होणार नाही" म्हणाला. बाबा म्हणाले, "मग जा. पण परत माझ्या दारात उभा राहू नकोस." दोघांच्याही नाकावर राग, दोघंही शब्दाचे पक्के. तो त्याच संध्याकाळी गेला. कधीतरी मला फोन करायचा, आईची चौकशी करायचा आणि मागून बाबांचा आवाज आला की फोन ठेवून द्यायचा. आईचं म्हणणं, तो येणार. आणि येईल तो रात्रीच, चार लोकांदेखत यायची त्याला लाज वाटेल. दार अंधारात दिसलं तर तसाच मागे फिरेल. मी रोज तिचं अंग पुसत होते, वेणी घालत होते, पण वाट मात्र त्याची. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू?

मग ते वादळ आलं. विजेचे मनोरे आडवे झाले आणि वीज कधी येईल ते कुणी सांगेना. मोबाइलही मुके झाले. इस्पितळात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांचाच जनरेटर आळीपाळीनं चालत होता. आभाळ उघडायचं नाव घेईना, त्यामुळे पॅनल नुसतं शोभेला. गल्लीच्या टोकाच्या बेकरीवाल्यानं आपल्या जनरेटरवरून लांब वायर टाकून आमच्या बॅटऱ्या रोज थोड्या भरून दिल्या. देव भलं करो त्याचं. पण चौथ्या दिवशी त्याचंही डिझेल संपलं.

बाबा वीज कापडासारखी कातरत होते. फ्रिज बंद, पंखा बंद, आमचे फोन कोपऱ्यात मेलेले. थोडा वेळ मशीन, थोडा वेळ सिलिंडर, आणि मधे मधे काहीच नाही, नुसती आई आणि तिची धाप. डिझेल संपलं त्याच संध्याकाळी बाबांनी दारावरचा दिवा काढून खिशात घातला.

दाराच्या वर काचेची पट्टी आहे. दिवा लागला की त्याचा उजेड तिच्यातून आईच्या समोरच्या भिंतीवर पडतो.

"दिवा लावला नाहीत?" आईनं विचारलं.

"लावलाय. काच मळलीय, म्हणून दिसत नाही."

आईनं हात पुढे केला. "खिसा दाखवा."

झालं. बाबांचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा पडला. चिडून त्यांनी हिशोबच मांडला. "अगं, तो दिवा रात्रभर जळला तर तुझं मशीन दहा मिनिटं कमी चालतं. दहा मिनिटं!"

"मग माझी दहा मिनिटं मी त्याला दिली," आई म्हणाली.

बाबांना दिवा परत लावावा लागला, आणि तिनं ती मिनिटं खरोखरच दिली. रोज संध्याकाळी ती नाकातली नळी काढायची, हात लांब करून मशीनचं बटण बंद करायची आणि उशीला टेकून बसायची. ओठ निळे पडायचे. खांदे वरखाली व्हायचे. मी एकदा बळजबरीनं नळी लावायला गेले तर तिनं ती मुठीत अशी धरली की बोटं सुटेनात. बाबा पलंगाच्या कडेला बसून घड्याळाकडे बघत राहायचे. दहा मिनिटं झाली की बटण तेच दाबायचे, आणि मग उठून मोरीत तोंड धुऊन यायचे. भरल्या डोळ्यांनी आईसमोर बसायची त्यांची छाती नव्हती.

दोन संध्याकाळी असं चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात स्कूटरचं सीट काढून बसलेले दिसले. स्कूटरची बॅटरी केवढीशी! मशीनपुढे ती म्हणजे दर्यात खसखस. पण स्कूटरचाच मागचा छोटा दिवा तिच्यावर रात्र काढतो. बाबांनी तो दिवा काढला, दुकानातली वायर आणली, स्टुलावर चढून दारावर बसवला. दिवस मावळायच्या आत आणि पुन्हा उजाडताना स्कूटर जागच्या जागी सुरू ठेवायची, की बॅटरी भरली. त्या दाराबद्दल काय बोलले होते ते बाबा विसरले नव्हते. वायरला टेप गुंडाळताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी खाली स्टूल धरून उभी होते.

संध्याकाळी ते आईला म्हणाले, "आजपासून नळी काढायची नाही. दिवा स्कूटरवर घेतलाय. तुझ्या मशीनला त्याचा काही धक्का नाही."

आई हसली. "काच मळलीय, तसंच ना?"

"आई, खरंच," मी म्हणाले. "मी स्वतः बघितलंय."

"तुम्ही बापलेक एका माळेचे मणी. मी श्वास घ्यावा म्हणून वाटेल ते सांगाल. आणि हे? हे त्याच्यासाठी दिवा लावणार?" तिनं भिंतीकडे बोट केलं. "उजेड बघ कसा पिवळा पडलाय. बॅटरी उतरत चाललीय. आज जरा जास्तच वेळ बसते."

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याचं जे होतं, तेच बाबांचं झालं. अंगणात स्कूटर फटफटत होती. ती आईला ऐकू येत नव्हती असं नाही. "बसून बसून इंजिन बिघडतं म्हणून सुरू करत असतील," म्हणाली. तिला उचलून बाहेर न्यावं म्हटलं तर नुसतं उठून बसण्यातच तिचा जीव जायचा. बाबांनी वायरचं टोक तिला आणून दाखवलं. "वायर काय बोलते?" म्हणाली, आणि नळी काढली.

बाबांनी त्या दिवशी घड्याळ बघितलं नाही. ते तिचे पाय चेपत बसले. मधेच म्हणाले, "इतक्या वर्षांत मी एकदा खोटं बोललो गं." आईचे खांदे वरखाली होत होते.

सिलिंडर संपला. मी रिकामा घेऊन ऑक्सिजनच्या डेपोत गेले तर तिथे माझ्यासारख्यांचीच रांग. "उद्या सकाळी दहाला या," खिडकीतला माणूस म्हणाला. त्याचेही डोळे तांबारलेले होते. काय भांडणार त्याच्याशी?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला इन्व्हर्टरनं लांब शिट्टी दिली आणि मशीन थांबलं. इतके दिवस त्या घरघरीचा मला कंटाळा आला होता. ती थांबली तशी मी ताडकन उठले.

आईनं डोळे उघडले. आधी मशीनकडे बघितलं, मग भिंतीकडे. भिंतीवर उजेड तसाच होता, पिवळा.

"बॅटरी... संपली ना?"

"हो," बाबा म्हणाले.

"मग हा कसा?"

"अगं, स्कूटर. सांगत होतो ना."

ती भिंतीकडेच बघत राहिली. मग तिनं बाबांचा हात शोधला. "तुम्ही... त्याच्यासाठी लावलात?"

बाबांनी तो हात घट्ट धरला. त्यांनी हो म्हणून मान हलवली.

"म्हणजे माझी मिनिटं फुकटच गेली की हो," ती म्हणाली, आणि हसली. हसताना तिला ठसका लागला. मी तिला मागून धरून बसतं केलं, बाबा छाती चोळत राहिले. डेपोची खिडकी उघडायच्या आत आई गेली.

वीज दोन दिवसांनी आली, तिच्यामागोमाग मोबाइलची रेंजही. गल्लीतल्या कुणीतरी आनंदानं आरोळी ठोकली. त्याची काही चूक नव्हती, पण मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. ऑक्सिजनचं मशीन आपोआप सुरू झालं. बाबांनी जाऊन त्याची वायर काढली आणि रिकाम्या पलंगावर बसले. मी फोन चार्जिंगला लावला आणि धाकट्याला कळवलं.

तो आला भर दुपारी. गल्ली दारादारांत उभी होती, मास्तर होते, बेकरीवाला होता. तो सगळ्यांच्या देखत सरळ चालत आला आणि दारात थांबला. अंगणात स्कूटर फटफटत होती. आई गेल्यापासून बाबा न चुकता ती सुरू करत होते, दारावरचा दिवा मिनिटभरही विझू देत नव्हते. मीही त्यांना अडवलं नव्हतं.

धाकट्यानं वर बघितलं. "ताई, दिवसाढवळ्या दिवा?"

मला रडू फुटलं. बाबा बाहेर आले. किती वर्षांनी दोघं समोरासमोर उभे होते. बाबांनी आधी स्कूटर बंद केली. मग आतून स्टूल आणून त्याच्या पायापाशी ठेवलं.

"तुझ्या आईला वाटायचं, तू रात्रीचा येशील," ते म्हणाले. "काढ तो आता."

तो स्टुलावर चढला. बाबांनी खांद्यावरचं फडकं त्याच्या हातात दिलं. "हळू. गरम असेल."