फेर्नांचं नाक

"कडू आहे," काढ्याचा कप खाली ठेवत फेर्नां म्हणाला.

त्याची बायको ओनोरिन गॅसपासून वळली. "नुसतं कडू? आणखी काही?"

"गरम आहे. मध घातलायस. बाकी काही नाही."

हिवाळ्यातल्या तापात फेर्नांचं नाक गेलं, कसलाच वास येईना. सगळी उमर त्यानं लव्हेंडरचं तेल काढायच्या भट्टीवर काढलेली. वाफ नाकाशी आली की माल डोंगराच्या कुठल्या उतारावरचा, ते तो सांगायचा. आता कांदा करपला तरी त्याला पत्ता नसे. वास परत येईलही, असं डॉक्टर म्हणाले होते. ओनोरिनला तेवढं पुरलं. ती शाळेच्या खाणावळीत स्वयंपाक करायची. चव घेत राहिलं की कुठेतरी धागा सापडतो, हा तिचा अनुभव.

मग परसातल्या लव्हेंडरच्या झुडपाची फुलं रोज घरात येऊ लागली. शेळीच्या दुधात उकळून झाली, काढ्यात झाली. रविवारी तिनं ती कोकराच्या मांसाला चांगली चोळली. शेजारची सोलांज जेवायला होती. पहिल्याच घासाला तिचं तोंड वाकडं झालं.

"अगं, लव्हेंडर कपाटात कपड्यांत ठेवायचं, रश्श्यात नाही! साबण चावल्यासारखं लागतंय."

"तुला लागतंय ना? नशीब समज," ओनोरिन म्हणाली.

"मला काहीच लागत नाही. आण तुझी ताटली इकडे," फेर्नां म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसला.

त्यानंतर फुलं घालताना ओनोरिननं हात आखडता घेतला. दूध फुलांवर उकळायचं नाही, गरम दूध फुलांवर ओतायचं आणि लगेच गाळायचं, हे तिला उमगलं. त्या दुधात अंडी, साखर घालून तिनं कस्टर्ड केलं. फेर्नांनं दोन चमचे खाऊन मान हलवली. काही नाही. मग तिनं स्वतः एक चमचा तोंडात घातला आणि तिचे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा तो तिच्याकडेच पाहत होता. ती ओशाळली.

"चांगलं झालंय?"

"बरं आहे."

"खोटं नको बोलूस. तोंडावर दिसतंय तुझ्या. कसं लागतंय, सांग."

"लव्हेंडरसारखं. आणखी कसं?"

"ते मला कळतं गं. नीट सांग."

ओनोरिननं आणखी एक चमचा घेतला. "आधी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी. मग... तू भट्टीवरून यायचास ना, दारातच सदरा काढून द्यायचास. तो धुवायला टाकायच्या आधी..." ती थांबली.

"आधी काय?"

"काही नाही. जरा वेळ नाकाशी धरून उभी राहायचे."

एवढ्या वर्षांत हे फेर्नांला ठाऊक नव्हतं. त्यानं आपली वाटी तिच्यापुढे सरकवली.

"अजून एक घास घे," तो म्हणाला. "सावकाश. मग पुढचं सांग."