खांद्यावरचं अंतर

माझ्या धाकट्या भावाची, तुकाची, नात समृद्धी ज्या जूनमध्ये पहिलीत बसली, त्याच जूनमध्ये तुका जव्हारला गोवर्धनशेठच्या सायकलच्या दुकानात उभा राहून मीटर मागत होता. मी सोबत होतो.

"स्पीड बघायचाय का तुला?" शेठ म्हणाला. "खारी-बटरच्या पेटीमागे पोलीस लागलेत काय?"

"स्पीड नको शेठ. वाट किती झाली ते सांगणारा पायजे."

शेठने काचेवर तीन मीटर मांडले. पहिल्याला वायर होती. तुकाने तो बोटाने मागे सारला. "आमच्या वाटेला करवंदीच्या जाळ्या. एका फेरीत तुटंल."

"मग हा घे. उपग्रहावरनं चालतो. चाकाशी काही संबंध नाही, तू जाशील तिकडे मोजेल. सारखा चार्ज करावा लागेल फक्त."

"पाड्यात लाईट कवा येतो ते उपग्रहाला तरी ठावं हाय का?"

शेठ हसला आणि तिसरा पुढे केला. त्याला वायर नव्हती. पुढच्या चाकाच्या तारेला एक चुंबक लावायचं, चिमट्याला छोटी डबी, हँडलला घड्याळासारखा डोळा. चाक फिरलं की चुंबक डबीसमोरून जातं, आणि डोळ्यात आकडा वाढतो. सेल बरेच महिने पुरतो.

"कॅलरी पण दाखवतो," शेठ म्हणाला.

"ती काय?"

"अंगातली चरबी किती जळाली ते."

तुकाने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "ती असली तर जळंल. हाच द्या. चाक खोटं बोलत नाय."

तुका खारी-बटर विकायचा. सायकलच्या मागे पत्र्याची पेटी बांधून पोशेऱ्यापर्यंतचे पाडे फिरायचा. पोरं त्याच्या घंटीची वाट पाहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा दिपेश आणि सून प्रमिला दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जात, ते होळीला परत. समृद्धीला पाड्यावर ठेवून घ्यायचं तुकाने तिच्या जन्मापासून ठरवलं होतं. दिवसा शाळेत बसेल, तिथेच खिचडी जेवेल, रात्री आजाजवळ झोपेल. पाड्यावर शाळा होती म्हणून हे जमणार होतं. मी स्वतः अक्षर शिकलो ते म्हातारपणी, त्याच शाळेच्या ओट्यावर.

शाळा उघडली आणि गुरुजींनी सांगितलं, पोरं कमी आहेत, शाळा बंद होऊन खालच्या गावच्या शाळेत मिळवायची आहे. तालुक्याच्या साहेबाचं म्हणणं होतं की खालची शाळा तीन किलोमीटरच्या आत आहे. जास्त असेल तर मोजून दाखवा, मग बघू. गाडीरस्त्याचा वळसा धरायचा नाही, पोरं ज्या पायवाटेने जातील तीच धरायची. पायवाटेवर दगड नाही की पाटी नाही. म्हणून मीटर.

मीटर लावताना तुकाने दिवस घालवला. चाकाला राखेची खूण केली, अंगणात चाक एक फेरा फिरवलं, जमिनीवरची दोन टोकं दोरीने मोजली आणि तो आकडा मीटरमध्ये भरला. मग डांबरी रस्त्यावर जाऊन किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिलं. बरोबर आला.

"दादा," तो मला म्हणाला, "आता साहेब काय बोलंल?"

समृद्धीला त्या डोळ्यातले आकडे फार आवडले. तिला अजून नऊपर्यंतच येत होते. नवानंतर शून्य आलं की ती म्हणायची, "आजा, मोडला."

मोजायच्या दिवशी साहेबाने नितीन नावाचा एक तरुण माणूस पाठवला. बोलायला चांगला होता. त्याने आमच्या शाळेच्या दारात मीटर शून्यावर आणायला लावला, मोबाईलवर फोटो काढला आणि मोटारसायकलने वळसा घालून खाली जाऊन थांबला. पायवाटेने तुका निघाला. मागून मी.

माळ संपेपर्यंत तो सायकलवर होता. मग ओहोळ आला. पाऊस अजून लागला नव्हता, पण ओहोळात बैलाएवढे धोंडे. तुका उतरला, खाली वाकला, दांडीखाली खांदा दिला आणि सायकल उचलली. पलीकडची खडी चढणही तशीच. इतक्या वर्षांत मी त्याला तिथे दुसरं काही करताना पाहिलं नव्हतं. त्या वाटेला सायकल असलेला प्रत्येक जण तेच करतो. धोंड्यांवर चाक घातलं तर टायर फाटतो. मी मागून चालत होतो, मलाही काही वाटलं नाही. वर पोचल्यावर त्याने सायकल खाली ठेवली, धोतराच्या सोग्याने डोळा पुसला, मीटरचा, आणि पुढे निघाला.

खालच्या शाळेच्या दारात नितीनने आकडा पाहिला आणि फोटो काढला.

"काका, तीनच्या आत आलं की."

तुका आकड्याकडे बघत राहिला. मग पुढचं चाक हाताने उचलून फिरवलं. आकडा थोडा सरकला. चाक थांबलं, आकडाही थांबला. तेव्हा त्याला कळलं.

"साहेब, वव्हळात चाक फिरलं नाय. सायकल माझ्या खांद्यावर व्हती."

"मग ढकलत आणायची ना."

"तिथं ढकलता येत नाय."

"मग मी काय लिहू? खांद्यावरचं अंतर?" तो हसून म्हणाला. वाईट हेतूने नाही. मला वाटतं तेच जास्त लागलं.

"परत मोजतो. आत्ताच जातो."

"फोटो गेला काका वर. मीटर तुमचाच आहे, मी थोडाच आणला."

दुसऱ्या दिवशी तुकाने तीच वाट चाक जमिनीला टेकवून केली. ओहोळात आम्ही दोघांनी मिळून सायकल एकेका धोंड्यावरून उतरवली, चढवली. टायर फाटला, दोन तारा तुटल्या, चुंबक टिकलं. आकडा तीनच्या वर आला. तसाच तो सायकल घेऊन मोखाड्याला तालुक्याच्या कचेरीत गेला.

तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "काल कमी, आज जास्त. एका रात्रीत वाट लांबली का, बाबा?"

"वाट तेवढीच हाय बाई. काल मी उचलून नेली."

"असं बघा, असा मीटर आम्ही कसा धरायचा?"

"मंग कालचा का धरला?"

बाईंनी दुसऱ्या माणसाला आत बोलावलं.

पाऊस लागल्यावर शाळेला कुलूप बसलं. समृद्धी आठवडाभर खालच्या शाळेत गेली. मग ओहोळ भरला आणि एकही पोर जाईना. ती घरात बसून खारीच्या कागदांवर आकडे काढायची.

दिवाळी झाली. बोचकं बांधताना प्रमिला तुकाला म्हणाली, "मामा, शाळा नाय तं हिला ठिवून काय करू? तुम्ही फेरीला गेल्यावर दिवसभर हिला कोण बघंल? तिकडं धाकट्या भावाला तरी सांभाळंल."

"वव्हळ उतरला हाय," तुका म्हणाला. "मी पोचवीन रोज."

"आन खारी कोण विकंल?" दिपेश म्हणाला. "बाबा, तुमच्यानं आता व्हत नाय."

मी बोलायला हवं होतं असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही, मलाही नाही. टेम्पो आला. समृद्धीला मागे विळे-घमेल्यांच्या मधे बसवलं. तुकाने तिच्या ओच्यात बटर घातले आणि तो आपल्या फेरीला निघून गेला, टेम्पो सुटायच्या आधीच.

तुका अजून खारी विकतो. खालच्या गावात जात नाही.

समृद्धीला भट्टीवर ताप भरला. दवाखाना लांब होता, मालकाची गाडी विटा घेऊन गेलेली होती. ती माघ महिन्यात वारली. सहा वर्षांची होती.